छोट्या छेदातून झडपेची दुरुस्ती : काही महिन्यांनंतरचा अनुभव

हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील मायट्रल झडपेच्या गळतीसाठी माझी शस्त्रक्रिया उजव्या बरगड्यांमधील छोट्या छेदातून झाली, त्याला आता सात-आठ महिने होत आले. नेरूळच्या माझ्या साडूंची हीच दुरुस्ती पूर्वी छातीचे मधले हाड उघडून झाली होती, त्यामुळे तुलना घरातच उपलब्ध आहे. छेद छोटा म्हणजे शस्त्रक्रियाही छोटी, हा समज मात्र आधी दूर करावा. हृदय माझेही थांबवले गेले, हृदय-फुफ्फुसांचे काम तेवढा वेळ करणारे हार्ट-लंग मशीन मलाही लागले. फक्त त्याच्या नळ्या जांघेतील रक्तवाहिन्यांतून घातल्या गेल्या, आणि तेथील बधिरपणा छातीच्या व्रणापेक्षा अधिक काळ रेंगाळला.

वेदना कमी असते, असेही सरसकट म्हणता येणार नाही. बरगड्यांमधील नस दुखावल्याने सुरुवातीला साध्या शिंकेनेही जीव कासावीस होई आणि उजव्या कुशीवर झोपणे अशक्य होते. साडूंचा त्रास निराळा होता : हाड तारांनी बांधलेले असल्याने ते सांधेपर्यंत जड उचलायचे नाही, गाडी चालवायची नाही, उताणेच झोपायचे, आणि खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. ठाण्याला आमच्याकडे येणेही त्यांनी टाळले, कारण रिक्षा खड्ड्यात आदळली की कळ थेट हाडात जाई. मी महिनाभरात कचराळी तलावाभोवती फेऱ्या मारू लागलो आणि लोकलचे कडे धरून उभे राहण्याचा धीरही मला त्यांच्या बराच आधी आला (अर्थात गर्दीची वेळ टाळून).

ही आघाडी टिकली नाही. ब्रिटनमध्ये ३३० रुग्णांवर झालेल्या ‘यूके मिनी मायट्रल’ चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, त्यांतही सुरुवातीच्या आठवड्यांत छोट्या छेदाचे रुग्ण पुढे होते, परंतु १२ आठवड्यांनंतर दोन्ही गटांच्या शारीरिक क्षमतेत लक्षणीय फरक उरला नव्हता. जिना, झोप, चालणे, यांत आज साडू आणि मी सारखेच आहोत. दुरुस्तीत झडपेला आधाराची कडी बसवलेली असल्याने, जंतुसंसर्ग टाळण्यासाठी दात काढण्यापूर्वी आम्हा दोघांनाही ते दंतवैद्यांना सांगावे लागते. त्यांचा व्रण सदऱ्याच्या गळ्यातून डोकावतो, माझा दिसत नाही, पण केवळ तेवढ्यासाठी मी ही पद्धत कोणाला सुचवणार नाही. जांघेच्या धमन्या खराब असतील किंवा सोबत बायपासही करायची असेल, तर ती बहुधा सोयीची ठरत नाही. लवकर कामावर परतणे ज्यांना निकडीचे आहे, त्यांनी शल्यविशारदांना दोन प्रश्न जरूर विचारावेत : या पद्धतीने झडपेच्या किती दुरुस्त्या ते वर्षाला करतात, आणि मध्येच हाड उघडण्याची वेळ किती जणांवर आली.