आईचा कोथरूडचा फ्लॅट विकला, टॅक्सचं काम सदाशिव पेठेतल्या सीएंकडे दिलं

बाबांनी १९९४ ला घेतलेला फ्लॅट आईने डिसेंबर २०२४ मध्ये विकला आणि आम्हाला वाटत होतं की आलेल्या सगळ्या पैशावर टॅक्स बसणार, झोपच उडाली होती. सीए मॅडमनी पहिल्या भेटीतच शांतपणे सांगितलं की टॅक्स फक्त नफ्यावर. शिवाय घर २००१ च्या आधीचं असल्यामुळे १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ खर्च म्हणून धरता येते, त्यासाठी व्हॅल्युअरचा रिपोर्ट काढून घेतला. मग १२.५ टक्के विना इंडेक्सेशन (म्हणजे महागाईप्रमाणे मूळ किंमत वाढवून न धरता) आणि २० टक्के इंडेक्सेशनसह असे दोन्ही हिशोब कागदावर मांडून दाखवले, आमच्या केसमध्ये २० वालाच स्वस्त पडला!! हे कोणी इतकं नीट समजावतच नाही हो.

उरलेल्या नफ्यावरचा टॅक्स वाचवायला दोन पर्याय दिले, दोन वर्षांत दुसरं घर घ्या नाहीतर सहा महिन्यांच्या आत ५० लाखांपर्यंतचे त्यासाठीचे ठराविक बाँड घ्या, पण बाँडमधले पैसे ५ वर्षं अडकतात हेही आधीच स्पष्ट सांगितलं. आईने बाँड घेतले. खरेदीदाराने कापलेला १ टक्का टीडीएस आईच्या पॅनवर दिसतोय का तेही त्यांनीच तपासलं.

जुलैमध्ये, रिटर्नच्या गर्दीत, मात्र त्यांचा फोन लागत नाही, दोनदा जाऊन तासभर बसावं लागलं आणि तिथे पार्किंगचे हाल आहेत. फी आधी सांगितली तेवढीच घेतली. आईशी इतक्या आदराने बोलल्या, ते मला सगळ्यात जास्त आवडलं.