बोलेरो पिकअपच्या पुढच्या भागाचे संरक्षण: जाळी आधी, फिल्म नंतर

नारायणगावचा टोमॅटो माळशेज घाट, मुरबाड, कल्याणमार्गे रात्री वाशीला पोहोचवणाऱ्या गाडीवर पावसाळ्यात हेडलाइटकडे झेपावणाऱ्या किड्यांचा आणि ताडपत्री न टाकता धावणाऱ्या डंपरमधून उडणाऱ्या खडीचा मारा सतत होत असतो. म्हणून आमच्या बोलेरो पिकअपला महामार्गालगतच्या एका दुकानातून इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरपुढे स्टीलची जाळी आणि बॉनेटच्या पुढच्या कडेला व हेडलाइटवर पारदर्शक पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे रंग जपणारी चिकट फिल्म) बसवून घेतली. एक पूर्ण पावसाळा गेल्यावर हे लिहीत आहे.

पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते जाळीचे. रेडिएटरचे ॲल्युमिनियमचे फिन (हवेला उष्णता देणाऱ्या पट्ट्या) इतके पातळ असतात की लहानसा खडाही ते वाकवतो आणि त्यांच्यात किड्यांचा लगदा वाळून बसला की हवा अडते. मग भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढू लागली, की तापमानाचा काटा वर सरकतो. मात्र दुकानात स्वस्त म्हणून खिडकीची मच्छरजाळी पुढे केली जाते, ती मुळीच घेऊ नये, कारण ती स्वतःच किड्यांनी भरून हवा बंद करते. हरभऱ्याचा दाणा अडेल एवढ्या छिद्रांची जाळी पुरेशी आहे.

दुकानाची बसवणी मात्र निष्काळजीपणाची होती. जाळी प्लास्टिकच्या टायने थेट रेडिएटरला आवळलेली होती, आणि अशी जाळी गाडीच्या हादऱ्यांनी फिनवर घासत राहते. आम्ही ती उतरवायला लावली आणि शोच्या (पुढच्या ग्रिलच्या) मागे लोखंडी पट्टीची चौकट करून, रेडिएटरपासून दोन बोटे अंतर सोडून, नट-बोल्टवर बसवून घेतली. आता ती सहज काढून धुता येते.

पीपीएफविषयी माझे मत मर्यादित अनुकूल आहे. किड्यांच्या अंगातला आम्लयुक्त रस तापलेल्या बॉनेटवर रंगाचा वरचा थर खातो, तो आता फिल्मवरच राहतो. चांगली फिल्म टीपीयूची (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन या लवचीक प्लास्टिकची), साधारण 150 ते 200 मायक्रॉन जाडीची असते आणि तिच्यावरचे बारीक ओरखडे उन्हाने भरून येतात; मोठ्या खडीने पडलेली खोच मात्र भरत नाही. पीव्हीसीची फिल्म लवकर पिवळी पडते, म्हणून बिलावर टीपीयू असे लिहून घ्यावे. मालवाहू गाडीला संपूर्ण बॉनेट मढवण्याची गरज मला वाटत नाही.

दुकानदार बुलबारचाही, म्हणजे बंपरपुढे लावायच्या धातूच्या दांड्यांच्या चौकटीचाही, आग्रह धरतात. तो बसवणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चे उल्लंघन आहे, असे कळवून केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कारवाई करण्यास सांगितले होते. शिवाय बारीक खडी आणि किडे त्याने अडतही नाहीत.

वाळलेले किडे नखाने खरवडू नयेत. ओले फडके थोडा वेळ ठेवले की ते सुटतात. रेडिएटर धुताना इंजिनाच्या बाजूने बाहेर, कमी दाबाने पाणी मारावे. पुढून जोरात मारलेल्या फवाऱ्याने फिन वाकतात.