मुहूर्त एक, गिऱ्हाइकं चार: लग्नसराईत ‘जेड’ची परीक्षा

वैशाखातल्या एका मुहूर्ताला कार्यालय, आचारी, मांडव आणि बँड असं सगळं एकदम मोकळं सापडणं, सांगली-मिरजेत खरी कसरत एवढीच. ती सॉफ्टवेअर एजंटांवर, म्हणजे आपल्या वतीने आपापसांत निरोप धाडून बोलणी करणाऱ्या प्रोग्रॅमांवर, सोपवायची तर ‘जेड’ ही असे एजंट लिहिण्यासाठीची जावा भाषेतली मुक्तस्रोत चौकट (फ्रेमवर्क) आजही घेण्यासारखी आहे. टेलिकॉम इटालियाकडून आलेली, जुनी, दिसायला ओबडधोबड.

बोली लावण्यात ती पक्की. पद्धत रीड स्मिथने १९८० मध्ये मांडलेली कॉन्ट्रॅक्ट नेट. यजमानाचा एजंट ‘डीएफ’ या जेडमधल्या एजंटांच्या नोंदवहीत आचारी शोधतो, कुपवाडपासून मिरजेपर्यंत नोंदलेल्या प्रत्येकाला मागणी धाडतो: तारीख, ८०० पानं, दोन गोड पदार्थ. कुणी दर कळवतं, कुणी नकार. मुदत संपली की आलेल्या उत्तरांवर निवड होते. निरोपांची ही ये-जा तयार मिळते. आपण फक्त निवडीचे निकष लिहायचे.

मुदत मात्र जपून ठेवा. जेडसोबत येणाऱ्या उदाहरणांत ती दहा सेकंदांची असते. आपला आचारी पंगत उठल्यावर फोन बघतो. माणूस उत्तर देणार असेल तर सहा तास तरी द्या, नाहीतर चांगला माणूस उशिरा आला म्हणून बाद होतो.

खरी अडचण कार्यालयाच्या एजंटात. मागणीला उत्तर देणारा जेडमधला तयार भाग, साधा ‘कॉन्ट्रॅक्टनेटरिस्पॉन्डर’, एका वेळी एकच बोलणी चालवतो. एकाच मुहूर्तासाठी चार मागण्या आल्या की तीन ताटकळतात. त्यासाठी प्रत्येक बोलणीला वेगळा ‘एसएसकॉन्ट्रॅक्टनेटरिस्पॉन्डर’ (एकाच बोलणीपुरता उत्तर देणारा) लावावा, आलेल्या मागण्यांच्या वाटपाला ‘एसएसरिस्पॉन्डरडिस्पॅचर’. मग उलटा धोका: एकच तारीख चौघांना देऊ केली जाते. म्हणून गिऱ्हाइकाचा होकार येताक्षणी तारीख डेटाबेसमध्ये नोंदावी, आणि तिथे कार्यालय-तारीख या जोडीवर युनिक बंधन, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा नोंदू न देणारा नियम, हवंच. ज्याची नोंद आधी ती तारीख त्याची, बाकीच्यांना ‘फेल्युअर’, म्हणजे जमलं नाही असा निरोप.

तारखा जेडच्या भरवशावर ठेवू नयेत. रांगेतले निरोप मेमरीत असतात, वीज गेली की गेले. एजंट बंद पडताना नाव काढलं नाही तर डीएफमध्ये तो जिवंतच दिसतो. अशी नावं आपोआप काढणारा ऑटोक्लीनअपचा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो. आणि एका एजंटाची सगळी कामं एकाच थ्रेडवर, म्हणजे एकामागून एक, चालतात, त्यामुळे त्यात एसएमएस सेवेच्या उत्तराची वाट बघत बसलात तर तो एजंट ठप्प. असं काम वेगळ्या थ्रेडवर टाका.

दहा पुरवठादार सांभाळणाऱ्याने या भानगडीत पडू नये, सामायिक कॅलेंडर पुरतं. पन्नासाच्या पुढे गेलात तर घ्या.

क्रम ठरवताना दुर्मीळ ते आधी: कार्यालय, मग आचारी, बँड शेवटी. प्रत्येकाशी करार वेगळा होतो, चौघांना एकत्र बांधणारा व्यवहार जेडमध्ये नाही. आचारी फिस्कटला तर कार्यालय सोडण्याची पायरी स्वतः लिहावी लागते. इसार भरल्यावर ती पायरी महागात जाते, म्हणून आधी ४८ तासांची तात्पुरती राखण, सगळ्यांचा होकार, मगच पैसे.