घोस्ट ऑर्किड की बर्ड्स नेस्ट ऑर्किड?

इंग्लंडमध्ये बीच नावाच्या वृक्षांच्या गर्द सावलीत ही दोन्ही ऑर्किड उगवतात. दोघांनाही हिरवी पानं नाहीत. प्रकाशावर अन्न बनवता येत नसल्यामुळे ती बुरशीवर जगतात. ती बुरशी झाडांच्या मुळांशी जोडलेली असते, म्हणजे साखर बनवली झाडानं, बुरशीमार्फत ती पोहोचली ऑर्किडला. मला हा व्यवहार कितीही वेळा वाचला तरी थक्क करतो!

बर्ड्स नेस्ट ऑर्किड मधाच्या रंगाचं, हातभर उंच. जमिनीखाली जाड मुळांचा गुंता, अगदी पक्ष्याच्या घरट्यासारखा, म्हणून हे नाव. मे-जूनमध्ये फुलतं. कीटक आले नाहीत तरी स्वपरागणानं बी धरतं. वाळलेला दांडा पुढच्या वर्षीपर्यंत उभा असतो, त्यामुळे जागा हेरून ठेवता येते.

घोस्ट ऑर्किडचं तसं नाही. त्याला मुळंच नसतात, फक्त पोवळ्यासारखं फांद्या फुटलेलं खोड मातीत दडून राहतं. वर्षानुवर्षं वर काहीच दिसत नाही. मग एखाद्या उन्हाळ्याच्या अखेरीस वीतभर, फिकट, अर्धपारदर्शक दांडा डोकावतो. फुलाची ओठासारखी पाकळी, इतर बहुतेक ऑर्किडच्या उलट, वरच्या बाजूला असते. ब्रिटनमध्ये १८५४ साली ते प्रथम सापडलं. नंतर नामशेष मानलं गेलं आणि २००९ मध्ये इंग्लंडच्या हेरफर्डशर परगण्यात पुन्हा दिसलं.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी आधी बर्ड्स नेस्टच शोधावं. घोस्ट ऑर्किडच्या मागे पालापाचोळा तुडवत फिरलं, तर खालचं नाजूक खोडच चिरडायचं.