गंजलेली मारुती जिप्सी घेऊ की जुनी महिंद्रा एमएम ५४० जीप?

भावा, कमी बजेटमध्ये दोन्ही गंजलेल्याच मिळणार, त्यामुळे रंग बघूच नकोस, सरळ गाडीखाली झोप आणि चॅसीवर (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर) हातोडी मारत जा, खणखणीत वाजली तर ठीक, बद्द आवाज आला की आतून खाल्लेली. किनाऱ्याकडची जिप्सी असेल तर फ्लोअर आणि मागची चॅसी नीट तपास. ५४० चा पत्रा सपाट, गावातला वेल्डरही कापून नवा बसवतो, त्यामुळे पत्र्याच्या खर्चात ५४० स्वस्त पडते.

इंजिन म्हणशील तर जिप्सी किंगचं (जिप्सीचं नंतरचं मॉडेल) १.३ लिटर पेट्रोल, मस्त फिरतं पण पेट्रोल पितं. ५४० चं २.१ लिटर प्यूजो डिझेल दणकट, पण घाटात सुस्त. चिखलात हलकी जिप्सी पटकन निघते. लीफ स्प्रिंग (पोलादी पट्ट्यांच्या) दोघींना, दणके बसतात, कंबर सांभाळ.

आणि कागद आधी बघ रे, आरसी, १५ वर्षांनंतरचं फिटनेस सर्टिफिकेट, चॅसी नंबर. गंजात नंबर वाचताच येत नसेल तर फुकट दिली तरी नको.

ट्रेक, चिखल, वीकेंडला जिप्सी. शेतावर ओझं वाहायचं आणि दुरुस्ती गावातच हवी तर ५४०.