तयार मॉडेल उचलायचं की सोडत काढायची?

तुरुंगातून सुटून आलेली किंवा प्रोबेशनवरची (म्हणजे तुरुंगाऐवजी अटी घालून बाहेर ठेवलेली) माणसं परत गुन्ह्याकडे वळू नयेत म्हणून काहीतरी सुरू करायचंय आणि ते 'पुराव्यावर आधारित' हवंय, तर बहुतेकदा दोनच रस्ते समोर येतात: दुसरीकडे तपासून झालेला प्रोग्राम जसाच्या तसा उचलायचा, नाहीतर कोणाला घ्यायचं ते सोडतीने ठरवून, घेतलेल्यांची आणि राहिलेल्यांची तुलना करत स्वतःच चाचणी घ्यायची. मी दोन्ही करून बसलोय.

तयार मॉडेल लवकर सुरू होतं. मॅन्युअल असतं, ट्रेनिंग असतं, सही करणाऱ्यालाही धीर येतो. आणि वर्षाला तीस-चाळीसच माणसं असतील तर स्वतःच्या चाचणीतून तसंही काही कळत नाही, तिथे हेच बरं.

पण एकीकडचा पुरावा दुसरीकडे टिकेलच असं नाही ना. अमेरिकेतल्या हवाई राज्याचा प्रोबेशनसाठीचा होप प्रोग्राम बघा, 2004 ला सुरू झाला, अट मोडली की लगेच आणि हमखास, पण थोड्याच दिवसांचा तुरुंग, तिथल्या चाचणीत निकाल झकास. मग अमेरिकेतच चार ठिकाणी तेच करून बघितलं तर 2016 मध्ये निकाल आला की एकूणात नेहमीच्या प्रोबेशनपेक्षा फारसा फरक नाही.

मला खरा वैताग आला तो मात्र वेगळाच. आमच्या तयार मॉडेलच्या पहिल्या वर्षी पुन्हा अटक होणारे कमी झाले, तर मीटिंगमध्ये एकाने विचारलं, "एरवीही कमी झाले नसते कशावरून?" गप्प बसलो. दुसऱ्या वर्षी आकडा वाढला, तेव्हा आम्हीच म्हणायला लागलो की प्रोग्राम नसता तर अजून वाढला असता, आता समोरचे गप्प. दर तीन महिन्यांनी हेच भांडण, कारण तुलनेला दुसरा गटच नाही!

पुढच्या वेळी सोडत काढली. मदत काय चिठ्ठ्या टाकून द्यायची का, हा आक्षेप येतोच, पण जागा तशाही कमीच होत्या, वेटिंग लिस्ट होतीच, आणि आधी ज्याची ओळख त्याचा नंबर लागायचा, त्यापेक्षा सोडत बरी असं मला तरी वाटतं. ज्यांचा नंबर लागला नाही तोच तुलनेचा गट.

वेळ लागतो, खोटं कशाला बोलू, दोन वर्षं थांबावं लागलं. शिवाय आमचीच माणसं 'हा पोरगा चांगला आहे हो' म्हणत एखाद्याला या यादीतून त्या यादीत हळूच सरकवायची. शेवटी यादी कुलपात ठेवली आणि किल्ली ऑफिसातल्या अशा माणसाकडे दिली ज्याला त्यातलं एकही नाव ओळखीचं नव्हतं.