स्लिम ब्लू-रे रायटर आणि 25, 50, 100 जीबीच्या डिस्क: पावसाळा धरून वापरानंतरचा अनुभव

वापर असा: सिंधुदुर्गातल्या दशावतारी नाटकांची आणि लग्नांची रेकॉर्डिंग जपून ठेवायला यूएसबीवरचा स्लिम ब्लू-रे रायटर, आणि त्यासोबत एकदाच लिहिता येणाऱ्या तिन्ही क्षमतांच्या डिस्क. कार्तिकातल्या जत्रा सुरू झाल्यापासून गणपतीपर्यंत. मत आधीच सांगून टाकतो: ड्राइव्ह जरूर घ्या, डिस्क मात्र 25 जीबीच्याच घ्या.

आधी हिशेब. 24 एमबीपीएसने (सेकंदाला 24 मेगाबिट) केलेलं रेकॉर्डिंग तासाला 10.8 जीबी खातं. आडदशावतार (मुख्य नाटकाआधीचा पूर्वरंग) धरून पाच तासांचं नाटक म्हणजे 54 जीबी. साध्या 4.7 जीबी डीव्हीडीवर त्याला बारा डिस्क लागतात. 15 जीबीच्या एचडी डीव्हीडीवर (ब्लू-रेशी स्पर्धेत हरलेला फॉरमॅट) चार लागल्या असत्या, 25 जीबीच्या ब्लू-रेवर तीन लागतात, 50 च्या दोन, 100 ची एकच. कॅमेरा 50 एमबीपीएसवर असेल तर तासाला 22.5 जीबी, म्हणजे 25 च्या डिस्कवर जेमतेम तासभर.

एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे या दोघांचा लेसर एकच, 405 नॅनोमीटरचा. तरी एका थरात एकाला 15 आणि दुसऱ्याला 25 जीबी का? ब्लू-रेमध्ये लेखनाचा थर वाचायच्या बाजूपासून फक्त 0.1 मिमी आत आहे. त्यामुळे 0.85 इतक्या मोठ्या न्यूमेरिकल अपर्चरचं (प्रकाश किती रुंद कोनातून एकवटतो त्याचं माप) भिंग वापरता आलं, ठिपका बारीक झाला आणि ट्रॅकमधलं अंतर 0.32 मायक्रॉनवर आलं. एचडी डीव्हीडीने डीव्हीडीसारखंच 0.6 मिमीचं आवरण ठेवलं, अपर्चर 0.65. जुन्या डीव्हीडी कारखान्यांना ते सोयीचं होतं, पण क्षमता तिथेच अडली. जानेवारी 2008 मध्ये वॉर्नर या सिनेमा कंपनीने ब्लू-रेची बाजू घेतली आणि 19 फेब्रुवारी 2008 ला एचडी डीव्हीडीवाल्या तोशिबाने माघार जाहीर केली. कुणाकडे परदेशातून आलेल्या एचडी डीव्हीडी असतील तर त्या या ड्राइव्हमध्ये चालणार नाहीत. त्या वाचणारे एलजीचे काही जुने कॉम्बो ड्राइव्ह होते, तेच शोधावे लागतील.

आपल्या हवेत मात्र हरलेल्या फॉरमॅटची एक गोष्ट उजवी होती, ती म्हणजे डिस्कची बांधणी. 0.6 मिमीचे दोन सारखे अर्धे चिकटवलेले, म्हणून ओलावा दोन्हीकडून सारखाच शिरतो. ब्लू-रेमध्ये एका बाजूला 1.1 मिमी पॉलिकार्बोनेट आणि दुसऱ्या बाजूला 0.1 मिमीचं आवरण. दमट खोलीतून एकदम एसीत नेली की दोन्ही बाजू सारख्या आकसत नाहीत आणि डिस्क किंचित वाकते. डोळ्यांना दिसत नाही, पण कडेकडचा भाग वाचताना ड्राइव्ह वेग कमी करतो, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. अशी डिस्क पुस्तकांखाली दाबू नका. सिलिका जेलच्या बंद डब्यात एक दिवस ठेवली की बहुतेक वेळा सरळ होते.

100 जीबीच्या डिस्कची खरी अडचण इथेच आहे. तिच्यात तीन थर, आणि प्रत्येक थरात 33.4 जीबी बसवायला सगळ्यात आखूड खूण 149 वरून 112 नॅनोमीटरवर आणलेली. चुकीला जागा कमी, त्यात बीडीएक्सएल (या जास्त क्षमतेच्या डिस्कचा प्रकार) लिहिलेला ड्राइव्हच हवा, साध्या ब्लू-रे ड्राइव्हमध्ये ती वाचलीही जात नाही. वेळेचंही बघा. ब्लू-रेचा 1एक्स म्हणजे सेकंदाला 4.5 एमबी. 25 जीबी 4एक्सने साधारण 23 मिनिटांत होतं. 100 जीबीला त्याच वेगाने दीड तास, 2एक्सने तीन तासांहून जास्त, आणि पडताळणी वेगळीच. जुलैत वीज इतका वेळ टिकेल याची खात्री कोण देणार? मध्येच लिखाण तुटलं की 25 ची एक डिस्क वाया जाते, 100 ची गेली तर अख्खं नाटक पुन्हा लिहायला बसा. 50 ची मधली आहे, पण दुसऱ्या थरावर जाताना लिखाण बाहेरून आत उलटं फिरतं आणि अडलं तर बहुधा त्याच टप्प्यावर अडतं.

लिहायची पद्धत. विंडोजमध्ये 25 ची डिस्क 23.3 दिसते, हिशेबाचा फरक आहे, फसवणूक नव्हे. त्यातली 20 फाइलींना, 2 पार2 दुरुस्ती-फाइलींना (थोडा भाग वाचला गेला नाही तर तो परत मिळवून देणाऱ्या), उरलेली मोकळी सोडा. लिखाण आतून बाहेर जातं, म्हणून मोकळी राहते ती कडेची पट्टी, आणि बोटं, ओल, वाकडेपणा यांचा पहिला फटका तिलाच बसतो. फाइल सिस्टीम यूडीएफ 2.50. वेग 4एक्स. कॅमेऱ्याच्या कार्डावरचं एव्हीसीएचडीचं (रेकॉर्डिंगचा एक फॉरमॅट) फोल्डर जसंच्या तसं उचला, आतले क्लिप सुटे काढू नका, नाहीतर तुकड्यांची जोडणी बिघडते. लिहून झालं की डिस्क बाहेर काढून परत घाला आणि मग चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा आकडा) ताडा, शक्यतो दुसऱ्या ड्राइव्हमध्ये.

ड्राइव्ह मध्येच नाहीसा होतो किंवा पॉवर कॅलिब्रेशनची (लेसरची ताकद जुळवण्याची) चूक दाखवतो, तेव्हा दोष बहुधा विजेचा असतो. यूएसबी 2 च्या पोर्टला 500 मिलिअँपिअरचीच हमी, लिहिताना ड्राइव्हला त्याहून जास्त लागते. दोन तोंडांची केबल लावा किंवा स्वतंत्र अडॅप्टरचा हब घ्या. लांब एक्स्टेन्शन केबल नको.

डिस्क विकत घेताना पाकिटावर एलटीएच छापलेलं असेल तर ठेवून द्या. त्यात सेंद्रिय रंगाचा थर असतो. अकार्बनी थराच्या, म्हणजे एचटीएल डिस्क मागा. छपाईयोग्य पांढऱ्या पृष्ठभागाच्याही नकोत, तो थर ओल धरतो आणि त्यावर बुरशी लवकर येते. नाव लिहायला पाण्याच्या शाईचा मार्कर, तेही मधल्या पारदर्शक कड्यावर. स्टिकर अजिबात नको.

साठवणीत सगळ्यात जास्त नुकसान जागेमुळे होतं. चिऱ्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीला टेकून लोखंडी कपाट असेल तर श्रावणात त्याच्या मागच्या पत्र्याला हात लावून बघा, घाम फुटल्यासारखा ओला लागतो. कपाट वीतभर पुढे ओढा. प्लास्टिकची मऊ पाकिटं डिस्कला चिकटतात, म्हणून कडक केस वापरा, आणि केस झाकणाला रबर असलेल्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर वाळवून परत वापरता येतं. लेन्ससाठी ड्राय कॅबिनेट असेल तर उत्तमच, 40 ते 50 टक्के आर्द्रतेवर डिस्कही त्यातच ठेवा.

ड्राइव्हही त्याच डब्यात ठेवा. पावसात बरेच दिवस बंद राहिला तर भिंगावर ओल बसते आणि चांगली डिस्कही ओळखली जात नाही. आधी लिहिलेली एखादी डिस्क घालून दहा मिनिटं चालू ठेवा, गरम झाला की सुटतो. ब्रशवाली क्लिनर डिस्क टाळा, कॅमेऱ्याचा हवेचा फुगा पुरतो.

सोनीने कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केलं. इतर कंपन्यांच्या मिळतात, तरी हंगामाला लागतील तेवढ्या एचटीएल डिस्क एकदम आणून ठेवा, आणि जमलं तर वाचण्यापुरता दुसरा ड्राइव्हसुद्धा.